कास, बामणोली, शिवसागर: घरच्यांना घेऊन तळ्यांच्या काठी एक दिवस

साताऱ्यात आमच्याकडे पाहुणे आले की रात्रीच्या जेवणाला प्रश्न ठरलेला असतो, “वहिनी, उद्या पाण्याकाठी कुठे जाता येईल?” मुलांना बोट हवी असते, मोठ्यांना डोंगर आणि आमच्या सासूबाईंना गुडघ्यांना त्रास न होता बसता येईल अशी सावली. या तिन्ही गोष्टी कासच्या रस्त्यावर एका दिवसात मिळतात. अट एकच, दिवसाचा क्रम बरोबर लागला पाहिजे.

पहिल्या वेळी आमचा तो चुकला. यवतेश्वरला थांबलो, कासच्या फुलांच्या पठारावर दोन तास घालवले, तिथल्या तळ्याकाठी डबा उघडला आणि शिवसागर जलाशयाच्या काठी जिथून बोटी सुटतात त्या बामणोलीला पोचेपर्यंत सव्वाचार वाजले. लांबच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या. काठावर उभ्या असलेल्या नावाड्याने सांगितलं, “ताई, दुपारनंतर वारं सुटतं, पानी हालतं. लहान पोरं हायत, सकाळी या.” नणंदेचा धाकटा बोटीसाठी रडून रडून झोपला. परतीला घाटात धुकं उतरलं आणि यवतेश्वरपर्यंतचा रस्ता आम्ही अक्षरशः पांढऱ्या पट्टीच्या मागे मागे काढला. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी सगळ्यात लांबचं टोक, म्हणजे बामणोली, आणि येताना कास. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

१. आधी महिना ठरवा, मग वार

कासचं नाव ऐकलं की सगळ्यांना फुलं आठवतात. फुलांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पण फुलं आणि बोट यांचा सर्वांत चांगला काळ एकच नाही, हे आधी लक्षात घ्या. पाऊस जोरात असेल तर बोटी सोडत नाहीत. धुकं असेल तर समोर पाणी असूनही दिसत नाही.

मला विचाराल तर लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असताना दिवाळीनंतरपासून जानेवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस संपलेला असतो, शिवसागर काठोकाठ भरलेला असतो आणि हवा इतकी स्वच्छ असते की पलीकडच्या डोंगरांच्या घड्या मोजता येतात. सकाळी थंडी बोचते, तेवढी तयारी ठेवा.

एप्रिल-मेमध्ये आलात तर पाणी खाली गेलेलं असतं. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. त्यातलं पाणी पश्चिमेला बोगद्यांतून वीज करायला जातं आणि पूर्वेला सांगलीकडच्या शेतीला सुटतं. त्यामुळे उन्हाळा सरत आला की काठ उघडा पडतो, बोट पार खाली जाऊन उभी राहते आणि तिथपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागतं. सासूबाईंना मी मे महिन्यात एकदा नेलं आणि अर्ध्या वाटेवरून परत आणलं. तरुण मंडळींना त्याचं काही वाटणार नाही, पण काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला ती वाट जमत नाही.

वाराचं म्हणाल तर सप्टेंबरमधले शनिवार-रविवार टाळाच. कासच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि मधे अडकलं की ना पुढे ना मागे. मंगळवार-बुधवार जमत असेल तर एक रजा टाकून या.

२. नकाशात नेमकं कुठे जायचं ते पाहून घ्या

हा सापळा नव्या माणसाला हमखास पकडतो. फोनच्या नकाशात नुसतं “शिवसागर तलाव” किंवा “कोयना” टाकलं तर रस्ता भलतीकडे नेऊ शकतो. जलाशय फार लांब पसरला आहे. त्याचं धरण कोयनानगरला, पाटण तालुक्यात, कराडवरून जावं लागतं. वरचं टोक तापोळ्याकडे, तिथे महाबळेश्वरवरून उतरतात. आपल्याला जायचं आहे बामणोलीला, जावळी तालुक्यात. नकाशावर तापोळा आणि बामणोली शेजारी-शेजारी दिसतात आणि बोटीने ते खरंच जवळ आहेत, पण गाडीने जायचं तर मोठा वळसा पडतो. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तापोळ्याला जाऊन उभं राहिलं आणि आम्ही बामणोलीला. दोघांच्या मधे पाणी.

म्हणून शोधताना “बामणोली” हेच नाव टाका आणि रस्ता सातारा, यवतेश्वर, पेट्री, कास, बामणोली असा दिसतो का ते तपासा. साताऱ्यापासून कास साधारण २५ किलोमीटर, तिथून बामणोली आणखी बारा-तेरा. हा नकाशा घरच्या वायफायवरच फोनमध्ये उतरवून घ्या. पठार ओलांडलं की नेटवर्क येतं-जातं.

३. कागदपत्रं आणि सामान

आदल्या रात्री एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. सकाळी शोधाशोध करायला वेळ नसतो.

- गाडीची कागदपत्रं आणि लायसन्स. फोनमध्ये असतील तर आधीच उतरवून ठेवा.
- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड. एसटीत ज्येष्ठांच्या सवलतीला लागतं.
- फुलांच्या हंगामात येत असाल तर पठाराच्या ऑनलाइन नोंदणीची पावती, फोटो काढून किंवा छापून.
- रोख पैसे, सुट्ट्यांसह. ऑनलाइन पैसे जातील या भरवशावर राहू नका. नेटवर्क नसलं की बोटवाल्याचाही नाइलाज होतो.
- प्रत्येकाला एक स्वेटर किंवा जर्किन. डिसेंबरच्या सकाळी बोटीत वारा कानात शिरतो. मुलांच्या कानटोप्या विसरू नका.
- मुलांचे कपड्यांचे दोन जोड. एक पाण्याने भिजतो, एक घाटात उलटी झाली तर लागतो.
- घाट लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी, आवळासुपारी, लिंबू आणि दोन-तीन रिकाम्या पिशव्या.
- पाण्याचा मोठा कॅन आणि स्टीलचे पेले. बाटल्या कमी न्या, कचरा कमी होतो.
- चटई, जुनी चादर आणि सासूबाईंसारखं कुणी सोबत असेल तर घडीची खुर्ची. ही खुर्ची दिवसभरात चार वेळा कामाला येते.
- कचऱ्यासाठी एक जाड पिशवी. तिचं काम शेवटच्या पायरीत आहे.

मुलांच्या पायात चपला नकोत, पट्ट्याचे सँडल किंवा बूट घाला. काठावरचा गाळ चप्पल ओढून घेतो.

४. गाडी की एसटी

स्वतःची गाडी किंवा भाड्याची जीप असेल तर दिवस आपल्या हातात राहतो. पेट्रोल-डिझेल साताऱ्यातच भरून घ्या. हवा, ब्रेक आणि वायपर बघा. गाडी भाड्याची असेल तर चालक या रस्त्यावर आधी आलेला आहे का ते विचारा. कासपासून बामणोलीपर्यंत रस्ता साधारण पाचशे मीटर खाली उतरतो. हे सवयीच्या हातालाच सोपं जातं. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची, सारखा ब्रेक दाबत राहायचं नाही.

गाडी नसेल तरी अडत नाही. साताऱ्याहून बामणोलीला एसटी जाते. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. घरात बायका आणि आजी-आजोबा जास्त असतील तर हिशोब करून बघा, भाड्याच्या गाडीपेक्षा किती तरी स्वस्त पडतं. मात्र फेऱ्या मोजक्याच असतात. परतीची शेवटची गाडी कधी आहे हे सकाळी वाहकालाच विचारून कागदावर लिहून ठेवा आणि दिवसाचं सगळं गणित त्या वेळेपासून मागे मोजत आखा. एसटीने गेलात तर एका दिवसात बामणोली आणि कास दोन्ही नीट होत नाही. तेव्हा बामणोलीच करा, तेवढ्यानेही मन भरतं.

रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे. तिथून शहरात यायलाही वेळ धरा.

५. साडेसहाला निघा आणि जाताना थांबू नका

पोवई नाक्यावरून राजवाडा, तिथून समर्थ मंदिर. याच भागात वाट चुकते. बोगद्यातून पुढे गेलात तर तुम्ही सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याला लागता. आपल्याला यवतेश्वरचा घाट चढायचा आहे. शंका आली तर काच खाली करून विचारा, “कासला हाच रस्ता का?” साताऱ्यात कुणीही सांगेल.

घाट चढताना डाव्या-उजव्या बाजूला मोह पडेल. खाली सगळं शहर, अजिंक्यताऱ्याचा माथा, हिवाळ्यात दरीत साचलेलं धुकं. एक फोटो काढा आणि पुढे चला. यवतेश्वरचं महादेवाचं देऊळ, पेट्रीकडची हॉटेलं, एकीवचा फाटा, पठार, तळं, हे सगळं परतीच्या वाटेवर आहेच. आता थांबलात तर प्रत्येक थांब्याला वीस मिनिटं जातात. घरातली माणसं गाडीतून उतरली की पुन्हा बसवायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक असेल.

न्याहारी घरूनच करून निघा किंवा पोळीभाजीचे रोल बांधून घ्या. ज्यांना गाडी लागते त्यांना तेलकट वडा देऊ नका आणि पुढच्या सीटवर बसवा. मुलांना फोन बघू देऊ नका. वळणाच्या रस्त्यावर फोनकडे बघणाऱ्या पोराला सर्वांत आधी मळमळतं.

पहाटे या रस्त्यावर गवे दिसतात. दिसले तर गाडी लांब उभी करा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका आणि खाली उतरू नका. ते आपल्या वाटेने जातात. दीड तास धरा, आठच्या सुमाराला बामणोली येते.

६. बामणोलीत बोट ठरवणं

शेवटचं वळण उतरलं की पाणी एकदम समोर येतं. मी कितीदा आले असेन, तरी त्या वळणावर बोलणं थांबतं. सकाळी वारा नसतो आणि पलीकडचा अख्खा डोंगर पाण्यात उलटा पडलेला असतो. नऊ-दहा वाजले की पहिली झुळूक येते आणि तो डोंगर मोडतो. म्हणून लवकर या, असं मी म्हणते.

काठावर बोट क्लबचं तिकीटघर आहे. दर तिथे लावलेले असतात. आधी फलक वाचा, मग बोला. समजून घ्यायच्या गोष्टी अशा:

दर बोटीचा असतो, माणशी नव्हे. तुम्ही चौघेच असाल तर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला विचारा. बहुतेक जण आनंदाने बोट वाटून घेतात. मात्र एका बोटीत किती माणसं चालतात ते नावाड्याला विचारा आणि मांडीवरचं मूलही माणूस धरा. “बसतील हो, पोरंच तर आहेत” असं आपल्यातलाच कुणीतरी मामा म्हणतो. त्याचं ऐकू नका.

फेरी किती वेळाची आणि कुठे-कुठे थांबणार हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. लहान मुलं असतील तर तासाभराची फेरी पुरे. दोन तासांत मुलं कंटाळतात आणि नेमक्या मधल्या पाण्यात त्यांना शू लागते. जेवायच्या ठिकाणी स्वच्छतागृहाची विचारणा करून सगळ्यांना आधीच जाऊन यायला लावा. बोटीत सोय नाही.

माझ्या पसंतीची फेरी म्हणजे तापोळ्याच्या बाजूचा संगम. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी इथे एकत्र येतात. पाण्यात रेघ वगैरे दिसत नाही, पण तीन बाजूंना तीन दऱ्या उघडतात आणि बोट त्यांच्या मधोमध असते. नावाड्याला यंत्र दोन मिनिटं बंद करायला सांगा. तेवढी शांतता मुलांनाही ऐकू येते.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, पोहता येणाऱ्यानेही. नुसतं गळ्यात अडकवायचं नाही, पट्टे ओढून बंद करायचे. लहान मुलाच्या मापाचं आहे का ते बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं नसेल तर दुसऱ्या बोटीची वाट बघा, पण तसंच बसवू नका. वयस्कर माणसांना मधल्या फळीवर बसवा. चढता-उतरताना एकाने बोटीतून आणि एकाने काठावरून हात द्यायचा. सासूबाईंना आम्ही असंच चढवतो. त्या स्वतः म्हणतात, “एक जण वरून, एक जण खालून, मग मला भीती नाही.”

बोटीत उभं राहून फोटो काढायचा हट्ट सगळ्यांना होतो. एका बाजूला सगळे झुकले की बोट कलते. फोटो बसूनच काढा.

मुलं विचारतील, पाण्याखाली काय आहे? त्यांना खरं सांगा. धरण १९६० च्या दशकात पुरं झालं आणि या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. घरं, शेतं, देवळं. माणसं रायगड, ठाणे, सांगली अशा जिल्ह्यांत नव्याने वसली, काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. आज तुमची बोट चालवणारा कदाचित त्यांच्यातल्याच एखाद्या घरातला असेल. त्याला गाव विचारा, मन मोकळं करून सांगतात. माझ्या मुलीने एकदा विचारलं तेव्हा नावाड्याने पाण्याकडे बोट दाखवून आजोबांचं शेत कुठे होतं ते सांगितलं. ती पोरगी परत येईपर्यंत त्या जागेकडेच बघत होती.

पाण्यात पोहायला उतरू नका. काठ वरून सपाट दिसतो, पण खाली जुन्या शेतांचे बांध आणि ताली आहेत. एका पावलावर घोटाभर पाणी, पुढच्यावर गळ्याभर. वरून गाळ, पाय रुततो आणि निघत नाही. मुलांना पाय भिजवायचे असतील तर नावाडी दाखवेल त्या जागी, मोठ्याचा हात धरून.

ज्यांना वेगाच्या बोटी आणि पाण्यावरचे खेळ हवेत त्यांच्यासाठी याच जलाशयाच्या काठी मुनावळे इथे जलक्रीडा केंद्र झालं आहे. तरुण मुलं असतील तर तिकडे जा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर बामणोलीच बरी.

७. वासोट्याचा आग्रह

काठावर उभं राहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “एवढं आलोय तर वासोटा करूनच जाऊ.” वासोटा म्हणजे पलीकडच्या जंगलातला किल्ला. घरच्यांना घेऊन आलेल्या दिवशी हे करू नका. बामणोलीहून बोटीनेच एका बाजूला तास-दीड तास जातो. पुढे दाट जंगलातली दोन-अडीच तासांची खडी चढण आहे आणि तेवढंच उतरायचं आहे. किल्ला कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ चं, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती बामणोलीतच काढतात आणि अंधार पडायच्या आत परत यावं लागतं. पावसाळ्यात वाट बंदच असते. त्या गडासाठी वेगळा दिवस काढा, आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करा आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

मुलांना मात्र बोटीतून त्या दिशेचा डोंगर दाखवत गोष्ट जरूर सांगा. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलीण नावाच्या बाईने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेसमोर हा गड कित्येक महिने लढवला होता. आमच्या मुली ही गोष्ट दर वेळी नव्याने सांगायला लावतात.

८. जेवण

बोटीत बसण्यापूर्वीच जेवण सांगून ठेवा. बामणोलीत घरगुती जेवण मिळतं, पण ते तुम्ही सांगितल्यावर चुलीवर चढतं. पिठलं, भाकरी, खर्डा, भात, आणि खाणाऱ्यांना मासे. किती ताटं आणि किती वाजता एवढं नेमकं सांगा. लहान मुलांसाठी बिनतिखटाचं काय ते आत्ताच बोला, कारण इथला खर्डा पाहुण्यांच्या पोटाला झेपतोच असं नाही. साडेअकरा-बाराला जेवा. एकच्या पुढे गर्दी होते आणि आपलं पुढचं वेळापत्रक कोलमडतं.

९. परतीला कास तलाव

दीडला निघालात की दोनच्या सुमाराला कासच्या तळ्याशी याल. एव्हाना ऊन कललेलं असतं आणि झाडांची सावली काठावर आलेली असते. शिवसागरचा विस्तार बघून आल्यावर हे तळं लहान वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा असं माझं मत आहे. भोवती दाट रान, मधे काळसर हिरवं पाणी. चटई टाका, खुर्ची उघडा, म्हाताऱ्यांना डुलकी काढू द्या, मुलांना पक्ष्यांचे आवाज मोजायला सांगा. दीड तास कुठे जातो कळत नाही.

आता एक गोष्ट मी मनापासून सांगते. हे तळं ब्रिटिश काळात साताऱ्याच्या पाण्यासाठी बांधलं आणि आजही इथलं पाणी शहराला उतारानेच जातं. आमच्या गावात सकाळी नळाला येतं ते हेच पाणी. अलीकडे बंधाऱ्याची उंची वाढवली ती याच कारणासाठी. म्हणून इथे साबण लावून हातपाय धुऊ नका, ताटं विसळू नका, गाडी धुऊ नका, मुलांची लंगोटं काठावर धुऊ नका. बरोबर आणलेल्या कॅनच्या पाण्याने रस्त्याच्या कडेला धुवा. पाण्यात उतरूही नका. उंची वाढल्यावर काठ बदलला आहे. जुन्या फोटोंत दिसणारी एखादी पायवाट आता पाण्यात असू शकते, तिच्या मागे जाऊ नका.

माकडं असतात. खाण्याच्या पिशव्या गाडीतच ठेवा आणि काचा पूर्ण बंद करा. मुलांच्या हातात केळं देऊन मोकळं सोडू नका.

पावसाळ्याच्या अखेरीस आलात तर रानात जळवा असतात. झाडीत शिरू नका. चिकटलीच तर ओढून काढू नका, मीठ लावा.

१०. पठार: हंगाम असेल तर क्रम बदला

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. इथे साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. हंगामात आत जायला ऑनलाइन नोंदणी करावी लागते, रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते आणि वेळेचा टप्पा निवडावा लागतो. सुट्टीच्या दिवसांची नोंदणी लवकर भरते. तेव्हा आधी नोंदणी, मग बाकीचं नियोजन.

फुलं हाच मुख्य हेतू असेल तर मी दिलेला क्रम मोडा. सकाळचा टप्पा घ्या, पठार आधी करा आणि बोटीचं त्या दिवशी हवामान बघून ठरवा. फुलं आणि बोट दोन्ही एकाच दिवसात घट्ट बसवायला गेलात तर माणसं दमतात आणि काहीच धड होत नाही.

पठारावर जांभा दगडाचा थर आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा. मोठं झाड तिथे मूळ धरू शकत नाही, म्हणून तर ही इवली फुलं तिथे फुलतात. सीतेची आसवं नावाचं निळं फूल नखाएवढं असतं आणि ते झाड बारीक किडे पकडून खातं, हे सांगितलं की मुलं पोटावर झोपायला तयार होतात. झोपू देऊ नका, वाटेवर उकिडवं बसवून दाखवा. तेरडा आणि सोनकी लांबूनच दिसतात. वायतुरा मात्र शोधावा लागतो. त्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचं नाव आहे. वाट सोडून एक पाऊल आत टाकलं तर तिथली माती उखडते आणि पुढच्या वर्षी ती जागा मोकळी राहते. फूल तोडून केसात माळायची हौस इथे नको.

ज्यांचे पाय चालतात त्यांनी राजमार्ग नावाच्या पायवाटेने कुमुदिनी तलावापर्यंत जावं. हंगामात पाण्यावर पांढऱ्या, केसाळ पाकळ्यांची फुलं पसरलेली असतात. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा. वयस्कर माणसांना तोवर प्रवेशद्वाराजवळच बसवा, बरोबर एक जण ठेवा.

हंगाम नसेल तर पठारावर अर्धा तास पुरे. वारा जोराचा असतो, टोप्या सांभाळा.

११. अंधारापूर्वी घाट उतरा

हिवाळ्यात पाचला आणि पावसाळ्यात साडेचारलाच पठार सोडा. धुकं उतरायला लागलं की वाट बघत थांबू नका, ते दाटच होत जातं. दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरच्या झोताने समोर पांढरी भिंत उभी राहते. ओव्हरटेक नको. ज्याने सकाळी गाडी चालवली त्याला झोप येत असेल तर चालक बदला, किंवा पेट्रीला चहा घ्या.

वेळ उरला असेल तर यवतेश्वरच्या देवळात दहा मिनिटं टेका. खाली उतरून राजवाड्यावर कंदी पेढे घ्या. घरच्यांसाठी पाव किलो वेगळे बांधून घ्या, नाहीतर गाडीतच संपतात.

आणि ती कचऱ्याची पिशवी. डोंगरावर कुठेही ठेवून येऊ नका, तिथे उचलायला कुणी नाही आणि गवे-माकडं ती फोडतात. साताऱ्यापर्यंत आणा, ओला-सुका वेगळा करा आणि सकाळच्या घंटागाडीत टाका. मुक्काम हॉटेलात असेल तर काउंटरवर सांगून द्या.